वारा वाचा, मग डोंगा पाण्यात लोटा

रामटेकजवळचा खिंडसी तलाव सकाळी सहाला काचेसारखा निवांत असतो आणि मे महिन्यातल्या दुपारी त्याच पाण्यावर डोंगा सांभाळता सांभाळता खांदे निखळायची वेळ येते. नागपूरहून सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन निघणाऱ्यांना मी आधी वाऱ्याबद्दलच सांगतो. मोठ्या तलावावर मासा कुठे लागेल हे वारा ठरवतो आणि परत कधी फिरायचं हेही तोच.

त्याआधी परवानगी. आपल्याकडचे कितीतरी तलाव मच्छीमार संस्थांच्या ठेक्यात असतात. माशांचं बीज त्यांनी सोडलेलं असतं, राखणही त्यांचीच, म्हणून संस्थेच्या माणसाला विचारल्याशिवाय गळ टाकू नका. तिथल्या मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांशी दहा मिनिटं बोललात तर खोल डोह कुठे आणि पाण्याखाली झाडांची खुंटं कुठे, हेही कळतं. तोतलाडोहचा विचार मात्र सोडा. तो पेंच व्याघ्र प्रकल्पात येतो आणि तिथे मासेमारीला बंदी आहे.

नवख्याने सुरुवात पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून करावी, नावेची घाई नको. वारा काही तास एकाच दिशेने वाहिला की वरचं पाणी आणि त्यातलं बारीक खाद्य समोरच्या काठाला जाऊन लागतं, मासाही त्यामागे सरकतो. म्हणून वारा तोंडावर येतो त्या काठावर बसा. बसायला जरा त्रास होतो, पण मासा तिथे असतो.

शेंगदाण्याची ढेप (पेंड) भाजून कुटा, कणकेत घट्ट मळा. मूठभर ढेप आणि कोंडा एकाच जागी टाकून अर्धा तास थांबा. हा अर्धा तास बहुतेकांना जड जातो आणि मग दिवसभर जागा बदलत फिरावं लागतं. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या पाण्यात, मृगळ तळाशी. त्याप्रमाणे तंगुसावरचा (गळाच्या दोरीवरचा) तरंगा खाली-वर सरकवा. मृगळासाठी आमिष तळाला टेकलं पाहिजे. रोहू आधी गोळा चाखतो, तेव्हा तरंगा नुसता थरथरतो. तेव्हा ओढू नका. तो आडवा पडला किंवा सरळ खाली गेला, की मनगटाने एकच झटका द्या.

पावसाच्या सुरुवातीला मादीच्या पोटात अंडी असतात, ती गळाला लागली तर सोडून द्या. त्याच दिवसांत पाण्यावर लालसर पिल्लांचा थवा वळवळताना दिसला, तर खाली मरळ राखण करत असते. तिला उचललं की पिल्लं उघडी पडतात आणि बाकीचे मासे ती फस्त करतात. तिथे गळ टाकूच नका.

आता डोंगा. काठावरून मासे धरायला जो काठ उत्तम, तोच नावेला सगळ्यात वाईट, कारण अख्खा तलाव ओलांडून वाढत आलेल्या लाटा तिथेच फुटतात. म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडावर वल्हवत जा. थकून परतताना वारा पाठीशी हवा. उलटं केलंत तर ताजेपणी मजेत जाल आणि दमल्यावर अडकाल.

माणसं किती बसवायची? लहान नावेसाठी एक ढोबळ हिशेब आहे: फुटांतली लांबी गुणिले रुंदी, भागिले 15. 12 फूट बाय 4 फूट म्हणजे तीन माणसं, तीही शांत पाण्यात. सामान जास्त असेल तर मी दोनच बसवतो. लाइफ जॅकेट अंगात आणि बकल लावलेलं हवं. पाण्यात पडल्यावर ते घालता येत नाही. जोडीला झाकण घट्ट लावलेली 20 लिटरची रिकामी कॅन दोरीला बांधून ठेवा, बुडणाऱ्याकडे फेकायला ती फार कामी येते.

नावेत उभं राहू नका. मोठा मासा लागला की सगळेच त्या बाजूला झुकतात, आणि नाव उलटायला तेवढं पुरतं. ज्याचा गळ त्यानेच बसून मासा खेळवावा, दुसऱ्याने हातजाळी धरावी, बाकीच्यांनी जागा सोडू नये. जुलै 2017 मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात नाव उलटून तरुण मुलं बुडाली. त्यानंतर नावेत सेल्फी काढायला कोणी उठलं, की मी सरळ नाव काठाला घेतो. थांबायचं असेल तर नांगर पुढच्या टोकाकडूनच सोडा. मागून बांधलात तर लाटा आत येतात.

एप्रिल-मेमध्ये दुपारच्या आत काठावर या. आभाळ काळवंडलं, वारा एकदम पडून गार झुळूक आली, की गळ गुंडाळा. वीज चमकल्यावर मोजा: 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ती साधारण 10 किलोमीटरच्या आत आहे. गळाचा कार्बनचा रॉड आडवा ठेवा, एकट्या झाडाखाली थांबू नका, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यापासून लांब राहा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप मोबाइलमध्ये असू द्या.

लाटांनी गाठलंच तर नावेचं तोंड लाटांकडे थोडं तिरकं ठेवा, नाव लाटांना आडवी होऊ देऊ नका. उलटलीच, तर पालथ्या नावेला धरून राहा. काठ दिसतो त्याहून लांब असतो, आणि काठावरच्या माणसाला पाण्यात एकटं डोकं दिसत नाही, नाव दिसते. म्हणून निघतानाच पाळीवर कोणाला तरी परतायची वेळ सांगून ठेवा. ती टळली तर 112 लावायचा, हेही त्याच्याशी ठरवून घ्या.