कॅलिपर बदलायला बसताय? आधी वॉशर दाखवा

बाइकच्या डिस्क ब्रेकचा नवा कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा भाग, हातात आला म्हणजे तयारी झाली, असं नाही. आधी वॉशर. ब्रेक होज, म्हणजे तेलाची नळी, कॅलिपरला ज्या बँजो बोल्टने जोडलेला असतो, तिथे होजच्या कडीच्या दोन्ही बाजूंना तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा एकेक वॉशर बसतो. हे दोन्ही नवेच हवेत. बहुतेक गाड्यांना आतला व्यास १० मिमी लागतो. एकाच बोल्टवर दोन होज असतील तर वॉशर तीन. कॅलिपरच्या खोक्यात ते असतीलच असं धरून चालू नका, खोकं उघडून मोजा. वर दोन जास्तीचे घ्या, एखादा गाडीखाली गडगडत जाणारच. होज सुटल्यावर वॉशर नाही हे लक्षात आलं, तर ते आणायला जायला गाडीच नसते.

जुने का चालत नाहीत? वॉशर मऊ असतो, आवळताना दबून दोन्हीकडच्या बारीक खाचा भरतो. एकदा दबला की कडक होतो. तोच परत लावला की तेल झिरपतं, झिरपतं म्हणून माणूस आणखी आवळतो, आणि शेवटी बोल्ट तुटतो नाहीतर नव्या कॅलिपरचे आटे जातात. बँजो बोल्ट आतून पोकळ असतो, दिसतो तेवढा दणकट नाही. म्हणून टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळता येणारा पाना, हवाच, आणि मॅन्युअलमधले आकडे आधीच कागदावर उतरवून ठेवा. तेलकट हातांनी पानं उलटत बसू नका.

ब्रेक ऑइल गाडीवरच्या तेलाच्या डबीच्या झाकणावर लिहिलेलं असेल तेच. डॉट हा ऑइलचा प्रकार. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते डॉट ३, ४ किंवा ५.१ मध्ये मिसळत नाही. आकडा जवळचा म्हणून फसू नका. बाटली सीलबंद हवी, कारण उघडं राहिलेलं तेल हवेतली ओल ओढतं आणि लवकर उकळतं. पाव लिटर पुरतं. हे तेल रंग खातं, तेव्हा पेट्रोलच्या टाकीवर आणि मडगार्डवर जाड फडकं टाका, पाण्याची बादली जवळ ठेवा.

निपल म्हणजे ब्रेकमधली हवा काढायचा कॅलिपरवरचा पोकळ स्क्रू. त्याला रिंग पानाच लावा, बहुधा ८ चा. उघड्या पान्याने कडा गोल होतात. शिवाय पारदर्शक नळी, रिकामी बाटली, ब्रेक क्लीनर जवळ हवं. हातमोजे, फडकी वगैरे सांगायला नको.

कॅलिपर उजवा की डावा, हे आत्ताच बघा. बसवल्यावर निपल वरच्या बाजूला यायला हवा. खाली आला तर हवा निघणारच नाही. जुन्या पॅडना तेल लागलं असेल तर नवे घ्या, घासून साफ करण्यात वेळ घालवू नका.

जुना कॅलिपर गाडीवर पक्का असतानाच बँजो बोल्ट किंचित सैल करून परत टेकवा. सुटलेला कॅलिपर हातात धरून तो बोल्ट हलत नाही. होज सुटला की टोक पिशवीत गुंडाळून वर बांधा.

आणि पुन्हा वॉशर. जुना वॉशर होजच्या कडीला चिकटून राहतो, रंग सारखाच असल्याने दिसत नाही. नखाने खरवडून बघा. त्याच्यावर नवा चढवलात तर नवा आणूनही झिरपणारच.

हवा काढताना डबी रिकामी होऊ देऊ नका. एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर दुप्पट जपा, त्याच्या युनिटमध्ये हवा शिरली की काही गाड्यांना स्कॅनर जोडल्याशिवाय ती निघत नाही. लिव्हर दाबा, निपल उघडा, निपल बंद करा, मग लिव्हर सोडा. बुडबुडे थांबेपर्यंत हेच.

गाडी हलवण्याआधी लिव्हर कडक होईपर्यंत पंप करा. मग बँजोभोवती कोरडा टिश्यू गुंडाळून लिव्हर जोरात दाबून धरा. टिश्यू ओला झाला तर आवळत बसू नका, उघडा आणि वॉशर बघा.