दोन टनांची वेगवान ईव्ही: टायर कोणते घ्यावेत, पैसे कशावर घालावेत

कंपनीचे पहिले टायर झिजले की दुकानात ठरलेलं उत्तर मिळतं: "साइज हीच आहे, बसवून टाकू." टायर बसतोही. पण साइज जुळली म्हणजे टायर जुळला असं नाही, आणि जड, ताकदवान इलेक्ट्रिक गाडीत हा फरक महागात पडतो.

बीवायडी सीलचं परफॉर्मन्स मॉडेल घेऊ. ५३० पीएस, ६७० न्यूटन-मीटर, शून्य ते शंभर ३.८ सेकंदांत, रिकाम्या गाडीचं वजन सुमारे २,१८५ किलो. टायर २३५/४५ आर१९, म्हणजे रुंदी २३५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची (साइडवॉलची) उंची रुंदीच्या ४५ टक्के, रिम १९ इंची. याच साइजचे टायर बाजारात दोन प्रकारांत मिळतात. एकावर लोड इंडेक्स, म्हणजे भार पेलण्याचा आकडा, ९५ असतो, दुसऱ्यावर ९९ आणि सोबत 'एक्सएल' (एक्स्ट्रा लोड). ९५ म्हणजे एका टायरला ६९० किलो, ९९ म्हणजे ७७५. पाच माणसं आणि सामान धरून गाडी २,६०० किलोच्या आसपास जाते, म्हणजे चाकामागे सरासरी ६५०. ९५च्या टायरला उरले ४० किलो, आणि घाटात ब्रेक मारला की पुढच्या टायरवरचा भार लगेच वाढतो. त्यामुळे ९९ एक्सएल घ्या, त्याच्या खाली उतरू नका. लोड इंडेक्सला लागून असलेलं अक्षर वेगाचं असतं: व्ही २४० किमी, डब्ल्यू २७०, वाय ३००. मूळ टायरवर जे अक्षर असेल तेच किंवा त्याच्या वरचं हवं. आपण तेवढ्या वेगाने जाणार नाही हे खरं, पण हे अक्षर टायर उष्णता किती सोसतो तेही सांगतं.

त्यानंतर तारीख बघा. साइडवॉलवर 'DOT' ने सुरू होणाऱ्या कोडच्या शेवटी चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५चा तेविसावा आठवडा. चारही टायर एकाच सुमाराचे घ्या. वर्षाहून जुना माल असेल तर किंमत कमी करून मागा, दोन वर्षांहून जुना असेल तर घेऊ नका. आयएसआयची खूणही तपासा. जून २०२०पासून टायरच्या आयातीवर निर्बंध आहेत, म्हणून परदेशी चाचण्यांत पहिला आलेला टायर इथे आपल्या साइजमध्ये मिळेलच असं नाही. आधी उपलब्ध माल बघा, परीक्षणं नंतर वाचा.

ग्रिप की रेंज

दोन्ही पूर्ण मिळत नाहीत. युरोपच्या टायर लेबलवर इंधनबचतीचा वर्ग असतो. 'ए' वर्गाचा रोलिंग रेझिस्टन्स (टायर फिरताना होणारा विरोध) टनामागे ६.५ किलो किंवा त्याहून कमी, 'सी' वर्गाचा ९ पर्यंत. माणसांसह २,३५० किलोच्या गाडीत हा अडीचचा फरक म्हणजे सुमारे ५८ न्यूटन जास्तीचा विरोध, म्हणजे किलोमीटरमागे १६ वॅट-अवर. गाडी किलोमीटरला १६० वॅट-अवर खात असेल तर खर्च १७६ होतो. सीलच्या ८२.५६ किलोवॅट-अवरच्या बॅटरीत ५१६ किमीचे ४६९ उरतात.

४७ किमी कमी झाले म्हणून टायर वाईट ठरत नाही. आमचं स्पष्ट मत असं, की ५०० पीएसच्या गाडीत लेबलवरचा ओल्या रस्त्याच्या ग्रिपचा वर्ग आधी बघावा, इंधनबचत त्यानंतर. महाराष्ट्रात चार महिने पाऊस असतो, आणि पूर्ण टॉर्क पहिल्या क्षणी चाकांवर येतो. ओल्या ग्रिपला 'ए', इंधनबचतीला 'बी' असा टायर सापडला तर डोळे झाकून घ्या. मिशेलिनचा पायलट स्पोर्ट ईव्ही याच विचाराने बनवलेला आहे. तो साइजमध्ये मिळाला नाही तर पायलट स्पोर्ट ५ किंवा अपोलोच्या व्रेडेस्टाइनचे अल्ट्राक मालिकेतले टायर विचारून बघा. 'ईव्ही' लिहिलंय एवढ्यावर भुलू नका. साध्या शहरी ईव्हीसाठी बनवलेला टायर मुख्यतः रेंज आणि आयुष्य बघतो. वेगवान गाडीत वळणावर आणि ब्रेकखाली तो लवकर हात टेकतो.

रुंदी वाढवायचा मोह टाळा. २५५/४० आर१९ लावला तर व्यास ६९४ मिलिमीटरवरून ६८७ वर येतो, स्पीडोमीटरच्या दृष्टीने हा फरक किरकोळ. पण रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो आणि साइडवॉल आणखी कमी होते. खड्ड्यांचा खरोखर त्रास असेल तर उलट जा. २३५/५० आर१८चा व्यास ६९२, म्हणजे जवळजवळ तोच, आणि साइडवॉल १०६ ऐवजी ११७ मिलिमीटर. अट एकच: १८ इंची रिम ब्रेक कॅलिपरला घासता कामा नये. रिम विकत घेण्याआधी एक चाक लावून, हाताने पूर्ण फिरवून खात्री करा. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लक्षात ठेवा. कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल विम्याच्या दाव्यात आडवा येतो, म्हणून विमा कंपनीला आधी लेखी विचारून घ्या.

अमेरिकेत टेस्ला मॉडेल ३ परफॉर्मन्स चालवणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. २०२४च्या मॉडेलला पुढे २३५/३५ आणि मागे २७५/३० आर२० आहेत. मागचे लवकर झिजतात आणि पुढच्या-मागच्यांची अदलाबदल करता येत नाही. ट्रॅकवर जात नसाल तर चारही चाकांना २३५/४० आर१९ हा व्यवहारी पर्याय आहे, कॅलिपरची तीच तपासणी करून. चाकं बदलली की गाडीच्या स्क्रीनवर व्हील कॉन्फिगरेशन बदलायला विसरू नका, नाहीतर रेंजचा अंदाज चुकतो.

हवा

दाराच्या खांबावरच्या पट्टीवर लिहिलेला आकडा थंड टायरचा असतो: गाडी तीन तास उभी, किंवा दोनेक किलोमीटरच चाललेली. समजा तो ४२ पीएसआय आहे. सकाळी २५ अंशांना ४२ भरलेली हवा नागपूरच्या उन्हात टायर ५५ अंशांना गेल्यावर ४८ च्या आसपास दाखवते. पंपावरचा मुलगा "जास्त आहे साहेब" म्हणून ती ४२ वर आणतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टायरमध्ये ३७च उरते. मग समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगाने तासन्‌तास जाताना कमी हवेची साइडवॉल प्रत्येक फेरीला जास्त वाकते, आतून तापते आणि फुटते. गरम टायरची हवा कधीही काढू नका. चांगला डिजिटल गेज स्वतःचा ठेवा आणि महिन्यातून दोनदा सकाळी मोजा. नायट्रोजनने बिघडत काहीच नाही, पण त्याने हे मोजणं टळत नाही.

बाकीचे पैसे कुठे

टायरनंतर पहिला खर्च ब्रेक ऑइलवर करा. साधं वाटतं, पण जड ईव्हीत हीच दुबळी कडी आहे. एरवी रीजेन (मोटर उलटी वीज बनवून बॅटरीत भरते, त्यात गाडी मंदावते) गाडी थोपवतं, म्हणून ब्रेकचं काम जाणवत नाही. महाबळेश्वरच्या हॉटेलात रात्रभर चार्ज करून बॅटरी १०० टक्के भरली आणि सकाळी पसरणी घाट उतरायला लागलात, की भरलेल्या बॅटरीत वीज घ्यायला जागाच नसते. रीजेन जवळजवळ बंद, आणि अडीच टन एकट्या डिस्कवर येतात. ऑइल जुनं असेल तर त्याने हवेतून शोषलेलं पाणी उकळतं, वाफ होते आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. डॉट ४ या श्रेणीच्या ब्रेक ऑइलचा (टायरवरच्या कोडशी याचा संबंध नाही) किमान उकळबिंदू ताज्या ऑइलला २३०, पाणी शोषलेल्याला १५५ अंश असतो; डॉट ५.१ ला २६० आणि १८०. कंपनीने जी श्रेणी सांगितली असेल तीच घ्या, दर दोन वर्षांनी बदला. कोकणच्या दमट हवेत ही मुदत ओलांडू नका. डॉट ५ हे सिलिकॉनचं, नावाने जवळचं पण पूर्ण वेगळं. ते यात मिसळायचं नाही. ब्रेकला इलेक्ट्रॉनिक बूस्टर असलेल्या गाड्यांत ऑइल बदलायला बऱ्याचदा स्कॅन टूल (गाडीच्या संगणकाला जोडायचं यंत्र) लागतं, तेव्हा हे काम ते असलेल्या ठिकाणीच द्या. आणि घाटमाथ्यावर मुक्काम असेल तर चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवा. तो उपाय फुकट आहे.

पावसाळ्यात उलटा त्रास होतो. ब्रेक वापरलेच जात नाहीत, डिस्कवर गंज धरतो, पॅड चिकटतात. आठवड्यातून एकदा रीजेन सर्वांत कमी करून, मागे कोणी नाही बघून, ६०-७० च्या वेगावरून तीन-चार वेळा ठाम ब्रेक लावा.

दुसरा खर्च अलाइनमेंट, आणि तो टायरच्या मानाने नगण्य. टो (चाक सरळ रेषेपासून आत-बाहेर वळलेला कोन) फक्त ०.२ अंशाने चुकला तरी चाक दर किलोमीटरला साडेतीन मीटर आडवं फरफटतं. या गाड्यांत झीज बहुधा आतल्या कडेला होते आणि बाहेरून टायर नवा दिसतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून, मोबाइलचा टॉर्च आत मारून ती कड बघा. मागच्या चाकांची आतली कड बघायला गाडी लिफ्टवर घ्यावी लागते. चारही टायर एकाच साइजचे असतील तर दर ८,००० ते १०,००० किमीला चाकांची जागा बदला. कायद्याची किमान नक्षी १.६ मिलिमीटर असली तरी पावसाळ्याआधी ३ मिलिमीटरच्या खाली असलेला टायर काढून टाका.

हलकी फोर्ज्ड रिम खरोखर चांगली, पण पीसीडी (बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास), सेंटर बोअर (मधलं भोक), ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसते) हे तर जुळायलाच हवेत, शिवाय रिमवर कोरलेली भारक्षमता ७०० किलोच्या वर असायला हवी. आकडा कोरलेला नसेल तर ती रिम घेऊ नका. गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंग इथल्या स्पीडब्रेकरवर आम्ही सुचवणार नाही. खाली बॅटरीचं कवच आहे. मोटरची ताकद वाढवणारे बॉक्स तर नकोतच: वॉरंटी जाते आणि उष्णतेचं गणित बिघडतं.

दुकानात उभं राहून बघायच्या गोष्टी

जॅक कंपनीने दाखवलेल्या जागीच, मध्ये रबराचा ठोकळा ठेवून. ट्रॉली जॅक सरकून बॅटरीच्या तळाला लागला तर टायरच्या कितीतरी पट खर्च समोर येतो. नट एअर गनने शेवटपर्यंत आवळू देऊ नका. टॉर्क पान्ह्याने (जोर मोजून आवळणाऱ्या), मॅन्युअलमधल्या आकड्याइतकेच आवळायला सांगा. टेस्ला मॉडेल ३ ला तो १७५ न्यूटन-मीटर आहे, इतर गाड्यांना वेगळा.

आवाज कमी करणारा फोम आत असेल तर पंक्चरवाल्याला आधीच सांगा. तेवढा फोम कापून, जागा साफ करून आतून मशरूम पॅच लावायचा, मग फोम परत चिकटवायचा. बाहेरून ठोकलेली स्ट्रिप ही घरी पोचण्यापुरती. पंक्चर किटमधलं सीलंट (भोक बुजवणारं द्रव) फोममध्ये जिरतं आणि प्रेशर सेन्सरही खराब करू शकतं, म्हणून ते शेवटचा पर्याय. साइडवॉलला छेद गेला असेल तर दुरुस्ती नाही, टायर बदला.

नव्या टायरवर कारखान्यातला तेलकट थर असतो, त्यामुळे पहिले ३०० किमी इको मोडमध्ये, अंतर राखून चालवा. १०० किमी झाले की नट टॉर्क पान्ह्याने पुन्हा तपासा.