वर्कशॉपमधल्या माणसाचं मन बिघडलं तर मालकाने काय करायचं

भोसरी एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे, सीएनसी टर्निंगचं (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथचं) जॉबवर्क, माणसं चौतीस. आमच्यासारख्यांकडे एचआर वगैरे काही नसतं, पगारही मीच काढतो आणि भांडणंही मीच मिटवतो, त्यामुळे मानसिक आरोग्य म्हटलं की वाटायचं हे आयटीवाल्यांचं खूळ. पण तसं नाहीये हो. आपल्याला प्रत्येक माणूस नावाने माहीत असतो, गावाला कोण असतं ते माहीत असतं, म्हणून हे आपल्याला जास्त चांगलं जमू शकतं.

आधी माझं काय चुकलं ते सांगतो (त्या माणसाला विचारूनच लिहितोय). सात वर्षं माझ्याकडे असलेला ऑपरेटर, हात एकदम बसलेला. एका आठवड्यात बोअर, म्हणजे पीसमधलं भोक, ओव्हरसाईज होऊन त्याचे चाळीस पीस रिजेक्ट झाले आणि मी त्याला सगळ्यांसमोर झापलं. तो काहीच बोलला नाही, नुसतं हातातलं बोअर गेज, भोक मोजायचं काट्याचं साधन, कापडाने पुसत राहिला. दुसऱ्या दिवशी खाडा, तिसऱ्या दिवशी पण. मग त्याच्या रूमवरच्या पोराने सांगितलं की साहेब तो पंधरा-वीस दिवस धड झोपलाच नाहीये, डबा पण भरलेला परत आणतो. मी रूमवर गेलो तेव्हा तो म्हणाला, साहेब, गेजचा काटा दिसतो पण डोक्यात शिरत नाही. त्याला डिप्रेशन होतं, आणि मी त्याला हलगर्जी म्हटलं होतं.

तर पहिली गोष्ट, बदल बघायला शिका. त्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही. कधीच दांडी न मारणाऱ्याचे अचानक खाडे, चांगल्या हाताकडून रिजेक्शन, सगळ्यांत बसून जेवणारा एकटा बसायला लागणं, बारीकसारीक गोष्टीवरून भांडण, सारखी उचल मागणं. एखादा दिवस सगळ्यांचाच वाईट जातो, पण दोन आठवडे असं चाललं असेल तर बोलायचं.

बोलायचं कसं, इथेच आपली गाडी अडते. शॉप फ्लोअरवर नाही, शिफ्ट संपताना घाईत तर अजिबात नाही. बाजूला घेऊन, चहा मागवून, फोन उलटा ठेवून. सरळ म्हणायचं, तू दोन आठवडे गप्प गप्प आहेस, डबा खात नाहीस, मला काळजी वाटतेय, काय चाललंय? आणि मग गप्प बसायचं, दोन मिनिटं शांततेत गेली तरी चालेल. टेन्शन सगळ्यांनाच असतं, मनाला लावून घेऊ नको, लग्न कर म्हणजे ठीक होईल, हे काहीही बोलू नका, त्याने समोरचा कायमचा बंद होतो. आणि त्याने जे सांगितलं ते तुमच्याजवळच राहिलं पाहिजे. एकदा ते सुपरवायझरकडून कँटीनमध्ये पोचलं की पुढे कोणीच तुमच्याशी बोलणार नाही, हे लिहून घ्या.

कोणी जगण्यात अर्थ नाही असं काही बोललं तर घाबरून विषय बदलू नका, स्पष्ट विचारा, जीव द्यायचा विचार येतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही, उलट माणूस मोकळा होतो. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरच्यांना बोलवायचं आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलतात. आमच्याकडे तो टाईम ऑफिसजवळ आणि बाथरूमच्या दाराच्या आतल्या बाजूला लावलाय, कारण तिथे कोणी बघत नसताना नंबर घेता येतो. पिंपरीत वायसीएमला (यशवंतराव चव्हाण हॉस्पिटलला) मानसोपचार विभाग आहे, पुण्यात ससून हॉस्पिटलला आहे आणि येरवड्याला मनोरुग्णालय आहे. पहिल्यांदा जाताना सोबत कोणीतरी द्या, एकटा माणूस केसपेपरच्या लाईनमधूनच परत येतो.

आता कामाचं. योगा दिवस करून फोटो काढले आणि नाईटवर नाईट लावल्या तर काय उपयोग? जागतिक आरोग्य संघटना आणि आयएलओने (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने) २०२१ मध्ये सांगितलं की आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका साधारण ३५ टक्के जास्त असतो. आपल्याकडे ओटीवर, म्हणजे ओव्हरटाईमवर, घर चालणारी माणसं आहेत, एकदम बंद करता येत नाही, मी पण केलेली नाही. पण सलग नाईट दोन आठवड्यांच्या वर नाही, साप्ताहिक सुट्टी मोडायची नाही, रात्री नऊनंतर ग्रुपवर मेसेज नाही, एवढं केलंय. आणि पगार सात तारखेच्या आत, काहीही होवो! पगार लांबला की गावाकडे पैसे पाठवणाऱ्याची झोप उडते. उचलीचा पण नियम भिंतीवर लावलाय म्हणजे दर वेळी कोणाला हात जोडायला लागत नाहीत.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांना शारीरिक आजारासारखाच मानसिक आजारालाही विमा देणं बंधनकारक केलंय, त्यामुळे ग्रुप पॉलिसी घेताना एजंटला हे विचाराच. ईएसआयसीत (कामगार राज्य विमा योजनेत) असलेल्यांना स्किझोफ्रेनियासारख्या काही मानसिक आजारांत लांब सुट्टीचा जादा आजारपण लाभ असतो, अटी आहेत, शाखा कार्यालयात माणूस पाठवून समजून घ्या.

सुपरवायझरला हे सगळं समजावून सांगा, कारण दिवसभर माणसांशी तोच बोलतो, मालक नाही. आमच्या सुपरवायझरला मी एकच बंधन घातलंय, चूक दाखवायची ती पीस हातात घेऊन, बाजूला नेऊन.

आमच्या त्या ऑपरेटरची नाईट बंद केली, दोन महिने मशीनऐवजी पॅकिंगला घेतलं, बेसिक पगार तेवढाच ठेवला. ओपीडीच्या दिवशी हाफ डे, कारण विचारायचं नाही. परत आला त्या दिवशी बाकीच्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की कोणी कुठे होतास म्हणून विचारायचं नाही. तो आला, कार्ड पंच केलं, मी म्हटलं, आलास, बरं झालं, दुपारी दोन गाड्या भरायच्यात. तो हो साहेब म्हणाला आणि टेप शोधायला लागला.