झोलाची 'ओ बोनर दे दाम' वाचायचीये? मग असं वाचा

फ्रेंच कादंबरीकार एमिल झोलाच्या रुगों-माकार मालिकेत 20 कादंबऱ्या आहेत, 1871 ते 1893, आणि हा आकडा ऐकूनच निम्मी मंडळी मागं फिरतात. पण पहिल्यापासून ओळीनं वाचायची अजिबात गरज नाही बरं का. सरळ अकरावी घ्या, 1883 ची 'ओ बोनर दे दाम'. ती पॅरिसमधल्या याच नावाच्या मोठ्या स्टोअरची गोष्ट, नावाचा अर्थ 'बायकांचं सुख'. त्या स्टोअरचा मालक ओक्ताव्ह मूरे आधीच्या कादंबरीत पॅरिसला येऊन दुकानाच्या विधवा मालकिणीशी लग्न करतो, आणि आता तीही वारलीय, एवढं माहीत असलं की बास.

माझ्या मामांचं कोल्हापुरात महाद्वार रोडजवळच्या बोळात कापडाचं दुकान होतं, गादीवर बसून ठाणं उलगडायची, गिऱ्हाइकाला चहा सांगायचा, उधारी वहीत मांडायची, म्हणून असेल पण मला पहिलंच प्रकरण लई लागलं. देनीझ नावाची वीस वर्षांची पोरगी दोन भावांना घेऊन काकाकडे येते, तर काका बोद्यूचं कापडाचं दुकान अंधारं, ओल धरलेलं, आणि बरोबर समोर काचांनी लखलखणारं मूरेचं मोठं स्टोअर. इथं घाई करू नका, दोन्ही दुकानं डोळ्यासमोर नीट उभी राहू देत, पुढचं सगळं त्यावरच आहे.

प्रकरणं 14. त्यातल्या 4, 9 आणि 14 मध्ये तीन मोठे सेल आहेत, तिथं पेन्सिलीनं खूण करा. दर सेलच्या शेवटी गल्ला मोजतात, आधी 80 हजार फ्रँक आणि वर थोडे, मग 5 लाख 87 हजार, शेवटी 10 लाखांच्या पुढं. आता दोन सेलच्या मधल्या प्रकरणांत स्टोअरसमोरच्या गल्लीत कुणाचं काय झालं ते शेजारी लिहा, बोद्यूचं, छत्र्या करणाऱ्या म्हाताऱ्या बुरासचं. माझ्या प्रतीत समासातली ही नोंदच सगळ्यात जास्त भरलीय.

मूरेच्या युक्त्या सावकाश वाचा, आपल्या लक्ष्मीपुरीतला मुरलेला व्यापारीसुद्धा मान डोलवेल. एक रेशीम जवळपास खरेदीच्याच भावात द्यायचं म्हणजे बायका आत येतात आणि बाकीचं घेतात, माल परत घ्यायचा म्हणजे घेताना धाकधूक राहत नाही, आणि नवव्या प्रकरणात तर तो विभाग मुद्दाम विस्कटतो, एका गोष्टीसाठी आलेल्या बाईला सगळं दुकान फिरायला लागावं म्हणून! झोलानं 1882 साली पॅरिसमधल्या बॉन मार्शे आणि लूव्र या मोठ्या स्टोअरमध्ये फिरून वह्या भरल्या होत्या, म्हणून लेस आणि रेशमाची वर्णनं लांबतात. ती गाळू नका, थकलात तर मोठ्यानं वाचा, गर्दी अंगावर येते.

नोकरांची नावं पुष्कळ आहेत, ती पाठ करत बसू नका. इंग्रजीत वाचणार असाल तर ब्रायन नेल्सनचं भाषांतर घ्या, नेटवर फुकट मिळणारी जुनी भाषांतरं जड जातात.

आणि देनीझ समोरच्या स्टोअरात नोकरी करते, तिला मोठ्या दुकानाचं पटतंही आणि काकासाठी जीवही तुटतो, तिथं लगेच कुणाची बाजू घेऊ नका, दोन्ही खरं आहे. तेरावं प्रकरण मात्र रात्री झोपताना काढू नका. मी काढलं, आणि साडेअकराला मामांना फोन केला.