एडीएचडी आणि रोजची कामं: या चुका टाळा, मी सगळ्या करून बसली आहे

परवा पुन्हा कूलरचं पाणी ओसंडून हॉलमधे आलं. टाकीत पाइप लावला, तेवढ्यात फोन वाजला म्हणून आत गेली, आत कपड्यांचा ढीग दिसला, घड्या करता करता कपाटच आवरायला घेतलं आणि खालच्या काकू ओरडल्या, "अगं पाणी वाहून राहिलं ना!" तेव्हा कुठे आठवलं. नागपूरच्या मे महिन्यात कूलर भरणं म्हणजे रोजचं काम, तरी ही गत. आई म्हणते तुझं लक्षच नसतं. लक्ष असतं हो, भलतीकडे असतं. एडीएचडी म्हणजे हेच, लक्ष एका कामावर टिकवणं आणि स्वतःला आवरणं डोक्याला जड जातं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दर महिन्याला नवीन अ‍ॅप. नोशन झालं, ट्रेलो झालं, टुडुइस्ट झालं. नोशनमधे तर एका रविवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत रंग, आयकॉन आणि टॅग लावत बसली, इतकं भारी वाटलं जशी काय सगळी कामंच झाली, आणि सोमवारी उघडून पण पाहिलं नाही. आपल्या डोक्याला नवेपणाची ओढ जास्त, नवेपण सरलं की अ‍ॅप पण सरलं. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच मेसेज टाकून ठेवता ना? ती विहीर आहे, टाकलेलं वर येत नाही.

रसेल बार्कली नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं हेच सांगत आले की एडीएचडीत अडचण माहिती नसण्याची नाही, माहीत असलेलं त्या वेळेला हातून होण्याची आहे, म्हणून आठवण जिथे काम होतं तिथेच पाहिजे. हे मला पटायला फार वर्षं लागली. आता विजेचं बिल दाराच्या कडीला चिमट्यानं लटकवते, गोळ्या चहाच्या डब्याला टेकवून ठेवते, आणि फ्रिजवर छोटा व्हाइटबोर्ड आहे त्यावर फक्त तीन ओळी मावतात. चौथी लिहायची तर एक पुसा. ज्याला फोनच जमतो त्यानं यादी होम स्क्रीनवर विजेट करून ठेवावी, अ‍ॅपच्या आत लपलेली यादी आपल्यासाठी नसल्यासारखीच.

मग यादीत लिहितो काय, ते पाहा. "आयटीआर भरणे" असं माझ्या बोर्डावर महिनाभर होतं आणि मी त्याच्याकडे न बघता फ्रिज उघडायला शिकली. ते काम नाहीच, ते दहा कामांचं गाठोडं आहे. पुसून लिहिलं "मेलमधे फॉर्म १६ शोध", आणि पाच मिनिटात सापडला, पुढचं पण त्याच ओघात झालं. दरवेळी होतं असं नाही, पण पहिली ओळ हातानं करता येईल अशी पाहिजे.

रिमाइंडरची गंमत वेगळीच. सकाळी अकराला "बँकेत फोन कर" वाजतो तेव्हा मी व्हरायटी चौकात सिग्नलवर गाडीवर असते, घरी येऊन बघते आणि बोटानं सरकवून टाकते, झालं, गेलं ते काम. काम होईपर्यंत सरकवायचं नाही, स्नूझ करायचं, आणि वेळ अशी निवडायची की तेव्हा आपण खरंच खुर्चीवर असू.

वेळेचा अंदाज तर विचारूच नका, याला टाइम ब्लाइंडनेस म्हणतात. मला वाटायचं शंकरनगरहून बर्डीला, म्हणजे सीताबर्डीला, जायला पंधरा मिनिटं. एक आठवडा घड्याळ लावून मोजलं तर मेट्रोला वेळ लागतच नव्हता, घरातून बाहेर पडायलाच पंचवीस मिनिटं लागून राहिली होती, चावी, चार्जर, परत चावी. आता अलार्म पोचायच्या वेळेचा नाही, चप्पल घालायच्या वेळेचा लावते.

पोमोडोरो सगळे सांगतात. फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन माणसानं १९८० च्या दशकाच्या शेवटी, कॉलेजात असताना, टोमॅटोच्या आकाराच्या किचन टायमरवर हे सुरू केलं, २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं सुट्टी. पण पंचवीस हा काही वेदातला आकडा नाही. सुरूच होत नसेल तर दहा लावा, लय लागली असेल तर घंटा झाल्यावर उठलंच पाहिजे असं नाही. आणि टायमर फोनवर लावू नका बे! बंद करायला फोन उचलला की रील्समधे अर्धा तास. साधा किचन टायमर घ्या. मी तोच आता पाइप लावला की खिशात टाकून फिरते, परवा लावला नव्हता म्हणूनच हॉल धुतला गेला.

सोबतीला कोणी बसलं की कामं होतात हे खरं आहे, फक्त बडबड्या मैत्रिणीला बसवू नका, आमचं काम तर्री पोह्यावर संपतं.

रील्स पाहून स्वतःच निदान पण करू नका. झोप कमी, थायरॉइड, एन्झायटी यातही लक्ष असंच उडतं. २०१३ च्या डीएसएम-५ नुसार, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकानुसार, काही लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून असायला लागतात, म्हणून डॉक्टर शाळेतलं विचारतात. आपल्या नागपूरच्या मेडिकलमधे, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, मानसोपचार विभाग आहे, जाताना जुनी प्रगतीपुस्तकं सापडली तर घेऊन जा.

आणि चार दिवस बोर्ड तसाच राहिला तर जुनं पूर्ण करत बसू नका. सगळं पुसा, जे आठवेल तेवढं लिहा. माझ्या बोर्डावर आत्ता एकच ओळ आहे, "पुसणं वाळत घाल".