नवा अलील सापडला म्हणण्याआधी

पाषाणच्या आमच्या लॅबमध्ये दर बॅचला कुणीतरी लॅपटॉप घेऊन धावत येतं, "ताई, नवा अलील!" अलील म्हणजे एकाच जनुकाचं किंचित वेगळं रूप, इथे अँटीबॉडीच्या जनुकाचं. माझा पहिला प्रश्न ठरलेला: पेशी कुठल्या घेतल्या?

मेमरी पेशींचा, म्हणजे अँटिजेन (परका पदार्थ) आधी भेटलेल्या बी-पेशींचा, आयजीजी हा अँटीबॉडीचा प्रकार वाचला असेल, तर तिथेच थांबा. अँटीबॉडीची जड साखळी १४व्या गुणसूत्रावरच्या व्ही, डी, जे या जनुक-तुकड्यांच्या जोडणीतून बनते, आणि अँटिजेन भेटल्यावर अँटीबॉडी बनवणारी बी-पेशी त्या जोडणीत स्वतःहून म्युटेशन घडवते. मग आईवडिलांकडून आलेलं काय आणि पेशीनं केलेलं काय, हे निवडत बसा! त्यापेक्षा नाइव्ह, म्हणजे अजून अँटिजेन न भेटलेल्या, पेशींचा आयजीएम हा अँटीबॉडीचा प्रकार घ्या. प्रायमर (प्रती काढायला लावलेला डीएनएचा छोटा तुकडा) व्हीवर बसवू नका, त्या जागेवरचा फरक तोच झाकून टाकतो. फाइव्ह प्राइम रेस करा, त्यात व्हीवर प्रायमर लागत नाही.

आता आयजीब्लास्ट, म्हणजे क्रम जुळवून पाहणारं सॉफ्टवेअर. ते फक्त माहीत असलेल्या अलीलांच्या संग्रहातलाच जवळचा अलील दाखवतं. ९८ टक्के जुळलं म्हणजे उरलेलं सगळं म्युटेशन, असं मुळीच नाही. आपल्याकडचे अलील त्या संग्रहात असतीलच कशावरून? तोच बदल वेगवेगळ्या सीडीआर३ (व्ही, डी, जे जिथे जुळतात तो भाग) आणि वेगवेगळ्या जे तुकड्यांसोबत दिसतो का, ते पाहा. एकाच क्लोनच्या (एकाच पेशीच्या वंशातल्या) हजार रीड्स, म्हणजे वाचलेले क्रम, मी एकच धरते.

माणूस जे६ या जे तुकड्याला हेटरोझायगस निघाला, म्हणजे त्याचे *०२ आणि *०३ हे दोन वेगळे अलील असले, तर नशीब समजा. एकाच गुणसूत्रावरचा अलील बहुतेक एकाच जे६शी जोडलेला दिसतो. नवा आणि जुना दोन्ही अलील दोन्ही जे६शी सारखेच दिसले, तर जनुकाची जास्तीची प्रत किंवा पीसीआरचा काइमेरा (दोन क्रम चुकून जोडून बनलेला), यांचा संशय घ्या.

"एका बेसनं (डीएनएच्या एका अक्षरानं) काय फरक पडतो?" असं विचारणाऱ्याला मी एचआयव्ही लसीची, आयएव्हीआय या संस्थेची जी००१ चाचणी सांगते. लस घेतलेल्या ३६ पैकी ३५ जणांत हव्या त्या बी-पेशी जाग्या झाल्या. उरलेल्या एकाकडे आयजीएचव्ही१-२ या व्ही जनुकाचा अनुकूल अलीलच नव्हता.

शेवटी डीएनएवर खात्री करा, शक्यतो लाँग रीडनं (लांब तुकडे सलग वाचून), कारण या भागात एकसारखी जनुकं खच्चून भरलीत. डीएनए लाळेचा किंवा रक्ताचा चालेल. ईबीव्ही या विषाणूनं अमर केलेल्या बी-पेशींचा नको, त्यांनी जोडणी करताना मधला भाग कापून टाकलेला असतो.

आणि फाइलला "पुणे_०१" वगैरे नाव खुशाल द्या, पण पेपरात नको. अधिकृत नाव आययूआयएस या आंतरराष्ट्रीय इम्युनॉलॉजी संघाची समिती देते. पुरावा तिच्याकडे पाठवा.