पस्तिशीच्या आतील स्त्रियांनी एएमएचचा अहवाल कसा वाचावा

एएमएच (अँटी-म्युलेरियन हॉर्मोन) हे अंडाशयातील स्त्रीबीजांच्या साठ्याचा अंदाज देणारे, रक्तात मोजले जाणारे संप्रेरक. त्याचा अहवाल हाती आल्यावर आकड्याआधी एकक पाहावे. काही प्रयोगशाळा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये, तर काही पिकोमोल प्रति लिटरमध्ये निकाल देतात आणि पहिल्यातला १ म्हणजे दुसऱ्यातले सुमारे ७.१४, त्यामुळे मैत्रिणीच्या आकड्याशी आपला आकडा ताडून पाहणे निरर्थक ठरू शकते. फेरतपासणी शक्यतो त्याच प्रयोगशाळेत करावी.

मग तपासणीच्या वेळची स्थिती आठवावी. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना एएमएच कमी दिसू शकते. चॉकलेट सिस्टची (एंडोमेट्रिओसिसमुळे अंडाशयात होणाऱ्या, जुने रक्त साठलेल्या गाठीची) शस्त्रक्रिया झाली असेल, तर ते खरोखरच उतरलेले असू शकते. पीसीओएसमध्ये (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोममध्ये) ते बहुधा चढलेले असते, पण म्हणून निर्धास्त होऊ नये. अशा वेळी उपचारातील बीजवाढीच्या इंजेक्शनांनी अंडाशय प्रमाणाबाहेर उत्तेजित होण्याचा धोका वाढतो, तेव्हा डोसविषयी डॉक्टरांशी आधीच बोलावे. एफएसएच (स्त्रीबीजांची वाढ घडवणारे संप्रेरक) मात्र पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आणि इस्ट्राडायॉल या स्त्री-संप्रेरकासोबतच तपासावे, कारण वाढलेले इस्ट्राडायॉल एफएसएचला दाबून ठेवते आणि अहवाल आहे त्याहून चांगला भासतो.

अर्थ लावताना खरी गफलत पुढेच होते. एएमएच अंडाशयातील लहान, वाढत्या फॉलिकलांच्या (ज्यांत स्त्रीबीज वाढते त्या पिशव्यांच्या) पेशींतून स्रवते. म्हणून आयव्हीएफमध्ये (शरीराबाहेर फलन घडवण्याच्या उपचारात) किती स्त्रीबीजे मिळतील याचा अंदाज ते बऱ्यापैकी देते. पण त्या बीजांतील गुणसूत्रे कितपत निर्दोष असतील, हे मुख्यतः वयावर ठरते. २०१६ मध्ये मांडल्या गेलेल्या पोसायडन वर्गीकरणात (आयव्हीएफमध्ये कमी बीजे मिळणाऱ्या स्त्रियांच्या गटवारीत) १.२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा कमी एएमएच असलेल्या स्त्रियांचे पस्तिशीच्या आतील आणि पुढील असे दोन गट केले आहेत, ते याच कारणाने. समजा, एकोणतिसाव्या वर्षी एएमएच ०.८ आले; तर एका सायकलमध्ये (उपचाराच्या एका फेरीत) बीजे कमी मिळतील, कदाचित ती दोन-तीनदा काढावी लागतील, पण त्यातल्या प्रत्येक बीजाकडून ठेवता येणारी आशा तेवढेच एएमएच असलेल्या चाळिशीतल्या स्त्रीपेक्षा अधिक असते. उपचाराविना दिवस राहण्याचे भाकीत तर या आकड्यावरून करूच नये: वंध्यत्वाचा पूर्वेतिहास नसलेल्या ३० ते ४४ वर्षांच्या स्त्रियांच्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात कमी एएमएचमुळे ती शक्यता घटल्याचे आढळले नाही.

डॉक्टरांकडे जाताना सोनोग्राफीतील २ ते १० मिलिमीटरच्या फॉलिकलांची संख्या आणि पतीचा वीर्यतपासणीचा अहवाल सोबत न्यावा. ‘यश येईल का?’ याऐवजी ‘माझ्या वयात किती बीजे अपेक्षित आहेत आणि त्यांतून किती भ्रूण तयार होतील?’ असे विचारावे.